अम्माचा डोळा आणि चौदा एप्रिल

अम्माशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं चपातीवरून.

आमच्या वस्तीतल्या मुलींच्या गटानं तेव्हा एक पत्रक काढलं होतं, 'उपास कुणाच्या फायद्याचा?' मजकूर माझाच. दवाखान्यात ज्या बायका अंगात रक्त नाही म्हणून सलाईन लावून पडतात, त्याच बायका वारांना आणि तिथींना कोरड्या राहतात, आणि घरातले पुरुष त्यांच्यासमोर बसून चारी ठाव जेवतात. याची मला चीड होती. आजही आहे. म्हणून एकादशी बघूनच मी पत्रकं वाटायला निघायचे. मानवतकडं जाणाऱ्या हायवेच्या कडेला, टायरांच्या दोन उंच थप्प्यांच्या मध्ये, एक बाई स्टुलावर बसून चपाती आणि कच्च्या केळ्याची भाजी खात होती. अंगात गाऊन, खांद्यावर पंचा, कोपरापर्यंत काळे हात. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती मिटलेली पापणी. मी खूश झाले. बरोबरच्या मुलींना म्हटलं, बघा, एकादशीला पोटभर जेवणारी बाई बघून घ्या.

बाईनं घास हातातच ठेवला.

"मोळे, उपासच हाय माझा."

मोळे म्हणजे तिच्या भाषेत मुली. हे मला मागाहून कळलं. चपाती खाऊन कसला उपास, असं मी विचारलं. तर म्हणाली, उपास भाताचा असतो, भात सोडायचा, चपाती चालते, तुमी काय खाताव? मुली म्हणाल्या, साबुदाणा. यावर ती जी हसायला लागली, तिला ठसकाच लागला. तिच्या गावाकडं एक कंद असतो. घरात तांदूळ संपले की तो उकडून मिरचीबरोबर खायचा. साबुदाणा म्हणजे त्याच कंदाच्या पिठाचे मणी.

"आमच्यात गरिबाला जे रोज पोटाला लागतंय, ते तुमी तूप-जिरं घालून देवाच्या नावानं खाताव," ती म्हणाली. "आणि माझी चपाती मोजायलाव."

तिला देवनागरी वाचता येत नव्हतं. तिनं मला पूर्ण पत्रक मोठ्यानं वाचायला लावलं आणि तोवर एक ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत बसली. वाचून झालं. तिनं पत्रक घेतलं, त्यालाच हात पुसले आणि म्हणाली, कागद चांगला हाय, शाई सुटत न्हाई. मुली हसल्या. मी त्या दिवशी घरी जाऊन पत्रक पुन्हा वाचलं. त्यात मला एकही चूक सापडली नाही, आणि याचाच जास्त राग आला.

तिचं नाव भार्गवी. पण फाट्यावर ती 'टायरवाली अम्मा'. तिचा नवरा वासू पालक्काडहून इकडं आला, तेव्हा या रस्त्याला ट्रकांची रांग असायची आणि जुन्या टायरवर नवा पट्टा चढवणारं दुकान जवळपास नव्हतं. तो तापाचं निमित्त होऊन गेला. लोकांना वाटलं, बाई आता गाशा गुंडाळणार. बाईनं चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर सुरू केला. मुलगी बिंदू केरळातच नर्स आहे, ती दर वर्षी पोस्टानं एक कॅलेंडर पाठवायची. कॉम्प्रेसरच्या वरच्या खिळ्यावर ते लटकायचं, ग्रीसच्या बोटांनी काळं पडलेलं, सगळी गोलगोल अक्षरं. अम्माचं वर्ष त्यावर चालायचं. चिंगम महिन्यात वर्ष सुरू, म्हणजे आपल्याकडं बैल सजवायचे दिवस. मग कन्नी, तुलाम, वृश्चिकम. कधी एकादशी, कधी षष्ठी, कधी प्रदोष. तिच्या घरच्यांचे वाढदिवससुद्धा तारखेला नाही तर नक्षत्राला. बिंदूचा वाढदिवस कधी असं विचारलं की अम्मा म्हणायची, मकरमात, रोहिणीला, आणि विचारणारा बोटं मोजायला लागायचा.

ते कॅलेंडर तिच्याखेरीज फक्त एका माणसाला पाठ होतं, ते म्हणजे अन्वरचाचा. वासूच्या काळापासूनचे कारागीर, पाच वक्ताचे नमाजी. अक्षर एक वाचता येत नव्हतं, पण खुणा ओळखायचे. सकाळी चहावाला आला की तेच सांगायचे, "अम्मा कू मत दे, आज परदोस हय." आणि रमजानात अम्मा चाचांसमोर पाणीसुद्धा प्यायची नाही, आत जाऊन प्यायची. काही दिवस असे यायचे की दोघंही उपाशी. त्या दिवशी फाट्यावरचे रिक्षावाले हवा भरायला पुढच्या पेट्रोल पंपावर जायचे. जाताना एकमेकांना सांगायचे, आज दोनी बाजूनं भूक हाय, उगा शिव्या खाऊ नका.

मी तिथं जायला लागले ती भांडायला. सांगायला लाज नाही. मला वाटायचं, ही बाई एकटी दुकान चालवते, ट्रकवाल्यांना अरे म्हणते, हिच्या डोक्यातनं एवढं एक कॅलेंडर निघालं की आपल्याला एक कार्यकर्ती मिळाली. मी मुद्दे काढायचे, ती नटबोल्ट काढायची. धनु महिन्यात थंडीत ती तिरुवातिरा करायची. तो उपास नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतो. म्हटलं, अम्मा, माणूसच गेला, आता कुणाच्या आयुष्यासाठी? तिनं जॅकचा दांडा खाली ठेवला आणि सांगितलं की लहानपणी तिरुवातिरेला पहाटे गावातल्या सगळ्या पोरी तळ्यात उतरायच्या, पाण्यावर हात आपटून गाणी म्हणायच्या, आणि त्या एका पहाटे कुठल्याही बापाची, भावाची तळ्याकडं यायची हिंमत नसायची.

"त्या पाण्यासाठी करते," ती म्हणाली. "वासूला काय करायचंय त्याचं."

मी जॅकचा दांडा उचलून तिच्या हातात दिला.

पण एक सण असा होता की ज्याच्यावर आमचं जमलं. ओणम. दिवाळीत पाडव्याला आमच्याकडं बाया बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतात. तिच्याकडं तोच बळी चिंगम महिन्यात वर्षातनं एकदा आपल्या माणसांना भेटायला येतो, आणि त्याच्यासाठी अंगणात दहा दिवस फुलांची आरास वाढत जाते. हे ऐकल्यावर मी उडालेच. म्हटलं, अम्मा, हा तर आमचा राजा. ज्याच्या राज्यात वरचा-खालचा नव्हता तो. ती म्हणाली, मग ये की मदतीला, नुसती काय बोलतीस.

हायवेच्या कडेला अंगण कुठलं? अम्मा टायर आडवं टाकायची आणि त्याच्या पोटात फुलं मांडायची. पहिल्या दिवशी स्कुटीचं टायर, मग रिक्षाचं, मग जीपचं, मग ट्रकचं. शेवटच्या दिवशी, तिरुवोणमला, चाचा आणि दोन ड्रायव्हर मिळून ट्रॅक्टरचं मागचं टायर ढकलत आणायचे आणि त्यात आम्ही दहा-बारा जणी बसून फुलं भरायचो. विकतचं एक फूल नाही. तरवड, टाकळा, गुलबक्षी, गोकर्ण, तेरडा. आणि मधोमध तुंब्याची पांढरी बारकी फुलं. बांधावर उगवतो तो तुंबा, ज्याला आपण तण म्हणून उपटून फेकतो. बळीला तेच फूल आवडायचं म्हणे. सोयाबीनवर तणनाशक मारायला लागल्यापासून तुंबा दिसेनासा झाला, त्यासाठी आम्ही रेल्वेच्या कडेकडेनं चुडाव्यापर्यंत हिंडलोय. मग केळीच्या पानावर जेवण. ड्रायव्हर, चाचा, आमच्या वस्तीतल्या मुली, समोरच्या धाब्याचा मालक, सगळे एका ओळीत, जमिनीवर. धाब्याचा मालक पहिल्या वर्षी जरा लांब बसला. अम्मानं त्याचं पान उचललं आणि आणून माझ्याशेजारी टाकलं.

"राजा यायलाय," ती म्हणाली. "ओळ मोडू नको."

तो आला. काय करणार, पान तिथं होतं.

त्याच टायरामुळं मला कळलं. एका वर्षीच्या ओणमला जीपच्या टायरात मधोमध पांढरी फुलं मांडून ती हात झटकत उठली आणि मी बघितलं, तर तुंब्याबरोबर थर्माकोलचे दाणे मांडलेले. पॅकिंगचे. आधी मला चेष्टा वाटली. मग बघितलं की ती गोकर्णाचं फूल नाकाशी नेऊन, बोटांनी चाचपून ठेवते आहे. शिवाय एक जुनी गोष्ट आठवली. गेली काही वर्षं भीमजयंतीच्या मिरवणुकीनंतर ती मला हटकून टोमणा मारायची, तुमची कमिटी कंजूष हाय, राखेच्या रंगाचे झेंडे आणताव, चांगल्या कापडाचे आणा. मी रागानं पावती दाखवायचे. झेंडे नवेकोरे, निळेभोर असायचे.

तिच्या उरलेल्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता.

आता दुसरा डोळा कसा गेला ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ट्रकच्या चाकाला एक लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नाही आणि हवा भरत गेलं, तर गोळीसारखी सुटते. ती सुटली, आणि अम्माचा डोळा गेला. जाळीच्या पिंजऱ्यात चाक ठेवून हवा भरली असती तर गेला नसता. पण तिचं म्हणणं वेगळं. तिच्याकडं मेडम महिन्याच्या पहिल्या दिवशी विषू असतो, कॅलेंडरचं नसलं तरी शेतीचं नवं वर्ष. आदल्या दिवशी घरातली थोरली बाई एका पसरट भांड्यात तांदूळ, नारळ, आंबा, पिवळी काकडी, कोरं कापड, नाणं, आरसा, बहाव्याची पिवळी फुलं असं सगळं मांडते, मागं कृष्ण, पुढं दिवा. त्याला कणी म्हणतात. पहाटे प्रत्येकाचे डोळे हातानं झाकून त्याच्यासमोर न्यायचं. डोळा उघडला की वर्षातलं पहिलं दिसणं ते. जे पहिलं दिसलं, तसं वर्ष. अम्मा हे कुणालाही करायची. फाट्यावर ट्रक लावून झोपलेले पंजाबी, बिहारी ड्रायव्हर ती उठवायची, डोळे मीट म्हणायची, आणि ते दाढीवाले गडी टायरांच्या मधून तिचा हात धरून मुकाट चालायचे. मग हातावर एक नाणं. त्या एका वर्षी मात्र कुणीतरी पहाटेच शटर वाजवलं, ही कणी मांडलेली विसरून तशीच उठली, आणि पहिलं दिसलं ते त्या माणसाच्या खांद्यावरचं फुटलेलं टायर. त्याच वर्षी रिंग उडाली.

"टायर बघितलं म्हणून गेला डोळा."

"जाळी नव्हती म्हणून गेला, अम्मा."

"जाळी आणायची बुद्धी का झाली न्हाई? टायर बघितलं म्हणून."

रिंग उडाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात चाचांनी जाळी वेल्डिंग करून आणली, हा माझ्या बाजूचा एकमेव पुरावा.

हा विषू येतो कधी? बहुतेक वर्षी चौदा एप्रिलला. एखाद्या वर्षी पंधराला सरकतो. म्हणजे ज्या पहाटे आम्ही पांढरे कपडे घालून, निळे झेंडे घेऊन पुतळ्याकडं निघायचो, त्याच पहाटे ही बाई ड्रायव्हरांचे डोळे झाकत असायची. मी रस्त्यावरून ओरडायचे, अम्मा, जयभीम. ती कुणाच्या तरी डोळ्यांवर हात ठेवलेला तसाच ठेवून ओरडायची, जयभीम, झेंडा धुतलाव का न्हाई?

तर मोतीबिंदू. मी सरकारी दवाखान्यातनं शिबिराची तारीख आणली. साधं ऑपरेशन, खर्च नाही. अम्मा म्हणाली, कन्नी महिना, नवरात्र हाय, हत्यारं पूजेला ठेवायची, त्यात डॉक्टरची बी आली. पुढची तारीख आणली तर वृश्चिकम, मंडलमचं एक्केचाळीस दिवसांचं व्रत, जमणार नाही. धनूत तिरुवातिरा. कुंभमात शिवरात्र. एकेक महिना तिनं माझ्यासमोर शटरसारखा खाली ओढला. मी धुमसत होते. मनात पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता. आणि तिकडं तिचा डोळा दह्यासारखा होत चालला. ती व्हॉल्व बोटांनी शोधायची, हवा किती भरली ते टायरवर हातोडी मारून आवाजावरून सांगायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय अनुभव आहे. मग एक दिवस अन्वरचाचा सायकल दामटत आमच्या वस्तीत आले. ते कधीच आले नव्हते. उन्हात उभे राहून म्हणाले, "बेटी, कल अम्मा जाली के अंदर हात डाली. हवा भरते वखत. तू बोल, मेरी सुनती नइ."

मी तशीच गेले. जाताना वाक्यं जुळवत होते, पण समोर गेल्यावर एकच बाहेर पडलं.

"अम्मा, तुमचं कॅलेंडर तुमचा डोळा खायलंय."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ पंच्यानं हात पुसत बसली. पुसून पुसून कोरडे झालेले हात.

"एकच हाय, मोळे," ती म्हणाली. "दोन असते तर एक देऊन बघितला असता."

इतके महिने मी व्रतांशी भांडत होते. बाई नुसती भ्यालेली होती. व्रतं ती पुढं धरत होती, आणि मी ढालीवर दगड मारत बसले होते.

मग ती म्हणाली, करते. पण पट्टी मेडमच्या पहिल्या दिवशी सुटली पाहिजे, आणि समोर कणी पाहिजे. मी डॉक्टरांना विचारलं. पूर्णेकडचे, आमच्यातलेच, तरुण डॉक्टर. ते म्हणाले, तेराला ऑपरेशन करतो, पट्टी दुसऱ्या दिवशीच काढायची असते. चौदाला ओपीडी बंद, पण ऑपरेशनचे पेशंट बघायला मला यावंच लागतं. पुतळ्याकडं जायच्या आधी येतो.

आता कणी कोण मांडणार? अम्माच्या दोन्ही डोळ्यांना अंधार, बिंदूला रजा नाही, चाचांना ते जमणार नाही. मी म्हटलं, मी मांडते. पण अम्मा, एक आत्ताच सांगते. कृष्ण मी ठेवणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेली मुलगी आहे मी.

"तुला कोण ठेव म्हटलं?" ती म्हणाली. "माझा देव मी ठेवीन. तू काकडी आण."

पिवळी काकडी एप्रिलात मिळेना. सोनपेठच्या बाजारात गोदावरीच्या पात्रातली खरबुजं आली होती, त्यातलं एक पिवळंधमक आणलं. बहावा अजून फुलायचा होता. आमच्या मुली पताका लावता लावता अख्खं परभणी हिंडल्या, तेव्हा एका कॉलनीत एकच फांदी फुललेली सापडली. घरमालकीण द्यायला तयार नव्हती. मग आमच्यातली सर्वांत लहान मुलगी तिला म्हणाली, मावशी, एका बाईला उद्या पहिल्यांदा दिसणार आहे. मावशीनं स्वतः कोयती आणली.

ऑपरेशन झालं. चौदाला सकाळी मी पांढऱ्या साडीत, पिशवीत खरबूज घेऊन वॉर्डात. बाहेर रस्त्यावर गाडीवर स्पीकर चढवायचं चाललेलं, मध्येच हलगी वाजायची आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. अम्मा खाटेवर ताठ बसलेली, डोळ्यावर पट्टी. मी स्टीलच्या टेबलावर सगळं मांडलं. तिनं एकेका वस्तूवरून हात फिरवून तपासणी केली. खरबुजाला लागताच हात थांबला.

"ही काकडी न्हाई."

"न्हाई. खरबूज हाय. गोदावरीचं."

तिनं वास घेतला. बराच वेळ घेतला. "चालंल," म्हणाली.

दिव्याला सिस्टरनं नाही सांगितलं, वॉर्डात आग चालत नाही. चाचांनी दुकानातली टायर तपासायची मोठी बॅटरी आणली होती, ती पेटवून उभी केली. मग अम्मानं पंच्याखालून पितळेचा बोटभर कृष्ण काढला आणि चाचपत चाचपत टेबलावर ठेवला. पार कडेला. अर्धा पाय बाहेर. माझे हात पाठीमागं होते, ते मी तसेच ठेवले. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून सगळा प्रकार बघत होती. तिनं उठून दोन बोटांनी मूर्ती आत सरकवली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि जाग्यावर जाऊन बसली. मी तिची आभारी आहे.

सगळं ठरलेलं होतं. खाट टेबलाच्या समोर वळवलेली, टेबल चार हातांवर. चाचा डावीकडं, मी उजवीकडं, मध्ये कुणी यायचं नाही. सिस्टरला सांगितलेलं, म्हातारीला सांगितलेलं, तिच्या सुनेला सांगितलेलं. मी दोनदा तालीमसुद्धा घेतली.

डॉक्टर आले. पांढरा शर्ट, गळ्यात निळा पटका. म्हणाले, चला अम्मा, डोळा बघू. वाकले, पट्टी काढली, कापसानं पापणी पुसली, आणि म्हणाले, हळूच उघडा.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पट्टी काढणारा माणूस समोरच उभा असतो. इतक्या तालमी घेतल्या, वॉर्डभर सूचना दिल्या, आणि डॉक्टर कुठं उभा राहणार हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी "डॉक्टर, बाजूला" म्हणेपर्यंत पापणी उघडली होती. तिच्या डोळ्यासमोर, वीतभर अंतरावर, पटक्याचं टोक लोंबत होतं.

मला ते फुटलेलं टायर आठवलं. आता ही बाई म्हणणार, वर्ष गेलं. म्हणणार, डोळा गेला. आणि नुसत्या भीतीनं खरंच घालवून बसणार.

अम्मानं हात वर केला आणि पटक्याचं टोक चिमटीत धरलं.

"हे काय हाय?"

"निळा पटका, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "आज जयंती ना."

"एवढं निळं असतंय?"

डॉक्टरांनी समजावलं, मोतीबिंदू पिकला की निळा रंग सगळ्यात आधी मरतो, राखेसारखा दिसतो, आणि भिंग बदललं की तोच एकदम उसळून वर येतो. ती ऐकत नव्हती. तिनं पटका सोडला नव्हता, त्यामुळं डॉक्टरांना सरळ उभं राहता येईना. मग ती माझ्याकडं वळली. तो डोळा इतका ओला आणि इतका काळा मी कधी बघितला नव्हता.

"मोळे, कमिटीला सांग. कापड चांगलं हाय."

मग तिच्या तोंडावर तो टोमण्याच्या आधीचा भाव आला.

"आणि निळा तर माझा कृष्ण बी हाय."

"न्हाई," मी म्हटलं. "तो निळा वेगळा, हा वेगळा."

"बघितलं मी. तू कशाला भांडतीस?"

वॉर्ड हसला. पट्ट्या बांधलेल्या म्हाताऱ्या, काही न दिसता, नुसत्या आवाजावर हसल्या. मग ती टेबलाकडं वळली. बहावा बघितला, खरबूज बघितलं, आरसा उचलला आणि म्हणाली, अय्यो, ही म्हातारी कोण? सगळ्यांच्या हातावर एकेक नाणं ठेवलं, डॉक्टरांच्यासुद्धा. बाहेर स्पीकर सुरू झाला तसे डॉक्टर आणि मी दोघंही एकदमच जिन्याकडं पळालो.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत मी जितकी नाचले तितकी कधी नाचले नाही. फाट्यावर पोचलो तर काळा चष्मा लावून अम्मा दारात उभी. धुळीत जायचं नाही असं बजावून घरी सोडलेली बाई, टायरांच्या थप्पीवर चढलेली. चाचा खालून तिचे पाय धरून ओरडत होते, आणि ती हातानं मला खुणावत होती, वर धर, झेंडा वर धर.

पुढच्या चिंगमच्या आत बिंदू येऊन तिला घेऊन गेली. दुकान चाचांचं झालं. जाळी आहे. कॅलेंडरचा खिळा आहे.

पण विषूच्या पहाटे फोन वाजतो. मी झेंड्याची काठी शोधत असते, साडी अर्धी नेसलेली असते. फोनवर अंधार आणि त्यातून आवाज, डोळे मीट. म्हणते, अम्मा, माझा विश्वास नाही. "विश्वास कोण मागायलंय? मीट." मी मिटते. यावर कुणाला माझ्याविरुद्ध पत्रक काढायचं असेल तर काढावं, मजकूर मी तपासून देईन.

यंदा उघडले तेव्हा पडद्यावर सगळं पिवळं होतं, बहावा, काकडी, खरी पिवळी काकडी. आणि कोऱ्या पांढऱ्या कापडाच्या जागी निळी घडी.

"घाबरू नको," ती म्हणाली. "झेंडा न्हाई. ब्लाउजपीस हाय."

फोन हलला. कणीतल्या आरशात क्षणभर ती स्वतः आली. पांढरे केस, हातात धरलेला फोन, एक मिटलेली पापणी, आणि दुसरा डोळा टक्क उघडा, माझ्याकडं लावलेला.